ज्या कपाला कुणी हात लावेना

आई,

संशयी स्वभाव तुझ्याकडूनच आलाय, तेव्हा कुरकुरू नकोस. कलकत्त्यात गवळ्यासमोरच तू दुधात बोट बुडवून बघायचीस, आणि खिदिरपूरच्या गोदीतून बाबा उशिरा आले की त्यांचा चेहराही तसाच तपासायचीस. मी नऊ-दहा वर्षांची असताना तुझ्या उजव्या स्तनात गाठ आली. सर्जनसाहेबांनी चाचपून पाहिलं आणि कॅन्सर म्हणून सगळंच काढायचं ठरवून टाकलं. बाबा मान डोलावतायत आणि तू पदर सावरत विचारतेयस, "नुसत्या हाताला कळलं? आधी तुकडा काढून तपासा." बाबांना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तपासणीत क्षय निघाला. बाबा संदेशाचा डबा घेऊन धावतच जिना चढले. "अगं, क्षयच आहे! नव्या इंजेक्शनांनी बरा होतो, काही कापायचं नाही." तू डब्याकडे बघितलंही नाहीस. "क्षय झाला म्हणून मिठाई आणणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही. तुम्ही आणि डॉक्टर मिळून मला बनवताय. कॅन्सरच आहे." मी दाराआड रडत होते, कारण मलाही तुझंच खरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी भांडी घासणाऱ्या बाईला बाबांनी तुझ्या नकळत आजार सांगून टाकला. तिनं तुझा कप मोरीत तसाच सोडला आणि मागे सरकली. "ओइ काप आमि छोंबो ना, मा." शिवणार नाही म्हणे! मला तिचा असा राग आला! आणि तू? तू चक्क हसलीस. "अगंबाई, म्हणजे खरंच क्षय आहे!" स्वतःच कप विसळलास आणि संदेश मागितलास. इंजेक्शनं घेऊन ठणठणीत झालीस आणि पुढं कितीतरी वर्षं आम्हाला छळलंस.

आता गाठ मला आलीय. लेक डॉक्टरांना भेटून आली. "आजीसारखाच टीबी आहे गं, काळजी करू नकोस." इतकं गोड हसली की मला तिथंच संशय आला. हल्ली टीबीला कुणी तेवढं घाबरत नाही, हे मला कळतं. तरी त्या संध्याकाळी तिनं माझ्या कपातला उरलेला चहा पिऊन टाकला आणि मला ती भांडी घासणारी बाई आठवली.

हे पत्र मी कुठल्या पेटीत टाकणार? उशीखाली ठेवतेय. पण तुला म्हणून सांगते, आई. तेव्हापासून मी रोज कपात घोटभर चहा मुद्दाम उरवते. ती रोज पिते.