आवडाबाईच्या कपाळावरचे पाणी

मी इनास दुमिंग रोद्रीग, वय सदुसष्ट, धर्म ख्रिस्ती, धंदा होड्यांची सुतारकी, राहणार खारवाडी, उरण महाल, जिल्हा कुलाबा, असे लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे. अक्षर वाकडे येते ते वयाने, धाकाने नव्हे. कोणाच्या भिडेस पडून मी हे लिहीत नाही. उलट लिहू नका म्हणणारेच जास्त भेटले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे.

कलम १. राहते घर, सामानसुमानासह, माझी मुलगी मार्था, जी माझगावी दिली आहे, तिला मिळावे. स्वयंपाकघराची पश्चिमेची भिंत पावसात गळते. पुढच्या उन्हाळ्यात करतो, करतो म्हणून मी तिच्या आईला अकरा वर्षे सांगितले आणि ती बिचारी इन्फ्ल्युएंझाच्या साथीत गेली. मार्थाने ती भिंत आधी करून घ्यावी.

कलम २. माझी हत्यारे, म्हणजे लाकूड तासायचा वाकस, दोन रंधे, किकरी आणि मोठी करवत, माझा जोडीदार रघू यास द्यावी. वीस वर्षे तो माझी बोलणी खात आला. वाकस त्याने कोणाला उसना देऊ नये, मार्थाच्या नवऱ्यालाही नाही.

कलम ३. ओटीवर नरकाचे मोठे चित्र टांगलेले आहे. त्यात ज्वाळा आहेत, सैतान आहेत आणि तोंडे वासून ओरडणारी माणसे आहेत. ते माझा मेहुणा सान्तान याला द्यावे. आवडाबाई सुईण गेली तेव्हा तिच्या चितेशी उभा राहून तो म्हणाला होता की इथली आग विझली की बाईला तिथली लागेल. त्या दिवसापासून मी त्याच्या घरी पाणी प्यालेलो नाही. ज्याला चित्र इतके खरे वाटते, त्याच्याच घरी ते असावे. चौकट सागाची आहे, मी केलेली आहे, तेवढी त्याने जपावी.

कलम ४. परसातली विहीर, तिच्या काठचे आठ माड आणि तिथवरची पायवाट जनी, म्हणजे त्याच आवडाबाईची मुलगी, हिला कायमची द्यावी. मार्थाला घरापुरते पाणी काढण्याचा हक्क राहील. आमच्या खाऱ्या जमिनीत गोड्या पाण्याची ही एकच विहीर आहे आणि सान्तानचा तिच्यावर डोळा आहे, म्हणून कारण सविस्तर लिहितो.

आमच्यात असे शिकवतात की बाप्तिस्म्याचे पाणी कपाळावर पडल्यावाचून जिवाला स्वर्ग नाही. पाद्री मोरा बंदरावरून पंधरवड्यातून एकदा येत, आणि मरते मूल पंधरवडा थांबत नाही. अडल्या वेळी कोणीही, स्वतःचा बाप्तिस्मा न झालेल्यानेही, पाणी घालून शब्द म्हटले तर ते चालते, असाही नियम आहे. म्हणून जुन्या पाद्रींनी आवडाबाईला ते शब्द पाठ करून दिले. ती आगरी, आमच्या धर्माची नव्हे. पण तीस वर्षे आमच्या वाडीतली प्रत्येक बाई तिच्याच हाती बाळंत झाली, आणि जी मुले वाचण्यासारखी नव्हती त्यांना तिनेच स्वर्गात पोचवले.

आमचा पहिला मुलगा तासभर जगला. आवडाबाईने तांब्याच्या गडूतले पाणी आधी आपल्या तळहातावर धरून ठेवले, कोमट झाले तेव्हा त्याच्या कपाळावर सोडले. असे का करतेस म्हणून मी विचारले. ती म्हणाली, "येवरासा जीव हाय. जाता जाता दचकंल."

त्याच सुमारास मी दर रविवारी देवळात मुलांना धर्माची प्रश्नोत्तरे शिकवू लागलो. बाप्तिस्म्यावाचून तारण आहे काय? उत्तर, नाही. मार्था नऊ वर्षांची असताना तिने विचारले की मग आमच्या बाळाला आत पाठवणारी आवडामावशी स्वतः बाहेरच राहणार काय. मी तिला तासभर उभे केले. उत्तर मला येत नव्हते म्हणून उभे केले. मार्था, हे तुला आज कबूल करतो.

पुढे मी आवडाबाईच्या मागे लागलो की तूही बाप्तिस्मा घे. ती हसण्यावारी नेई. एकदा मात्र सरळ म्हणाली, "माजा दादला गेला, दोन पोरां गेली. ती जिथं हान तिथं मना जायाचं. तुमच्या सर्गान मी एकलीच बसून काय करू?" तिचे म्हणणे मला चांगले समजले होते. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे केले ते न समजता केलेले नाही.

सन १९२७ च्या भाद्रपदात ती तापाने अंथरुणाला खिळली. एके सकाळी मी गेलो तेव्हा श्वास तुटत चालला होता. त्यांच्यात अखेरीस आपल्या माणसाने तोंडात पाणी घालायचे असते आणि जनी त्यासाठीच उशाशी बसली होती. मी तिला म्हणालो, घरातले पाणी शिळे आहे, माझ्या विहिरीचे ताजे आण. ती पळत गेली. पाणी शिळे नव्हते, त्याच सकाळी माझ्याच विहिरीवरून आणलेले होते. मला एकट्याला तिथे राहायचे होते.

आवडाबाईचाच गडू घेऊन मी तिच्या कपाळावर पाणी ओतले आणि शब्द म्हटले. घाईत ते हातावर धरायचे राहिले. तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "थंड हाय रं, इनास." तेवढेच. पाणी ओघळून तिच्या ओठांत गेले आणि ती संपली. मी बाहीने तिचा चेहरा पुसला. जनी भरली कळशी घेऊन दारात आली, तेव्हा मी भिंतीशी उभा होतो.

सात वर्षे जनी सणावारी डोळ्यांना पदर लावून म्हणते की आई कोरडीच गेली. सात वर्षे मी ऐकतो आणि मान खाली घालतो.

पाद्रींपुढे मी हे पाप सांगितले. ते रागावले. नको म्हणणाऱ्या शहाण्या माणसावर ओतलेले पाणी बाप्तिस्मा होत नाही, ते नुसते पाणी, असे म्हणाले. मग ती कुठे आहे, असे मी विचारले.  त्यांनी तिचे नाव विचारले आणि मृतांसाठी प्रार्थना करायच्या आपल्या वहीत लिहून घेतले.

मी होड्या बांधणारा माणूस आहे. ज्या फळीवर पाय देऊन सगळे चढतात, ती फळी निघताना आत ओढून घेतात, किनाऱ्यावर टाकून जात नाहीत. देवाला एवढे समजत नसेल असे मला वाटत नाही. मला समजले नव्हते. मला नरकाची भीती वाटली आणि त्या भीतीपायी मी एका मुलीच्या हातचे शेवटचे पाणी चोरले. जनी, तुझी आई कोरडी गेली नाही. माझ्या विहिरीचे पाणी तिच्या तोंडात होते. ते तुझ्या हातचे नव्हते, हा माझा गुन्हा आहे. विहीर दिल्याने तो फिटत नाही, आणि नको वाटल्यास तू घेऊ नकोस.

कलम ५. माझ्या अखेरीस पाद्रींनी तेल लावावे, हातात मेणबत्ती द्यावी. त्यानंतर जनीची मर्जी असल्यास तिने माझ्या तोंडात पाणी घालावे. हे मेल्यावर वाचून उपयोगाचे नाही, म्हणून कलम ४ व ५ तिला आजच वाचून दाखवीत आहे. सह्या नंतर होतील.

पुरवणी. जनीने सगळे ऐकून घेतले आणि उठून गेली. आठ दिवस ती इकडे फिरकली नाही. सह्या तशाच राहिल्या. आज सकाळी आली, आईचा तांब्याचा गडू घासून आणला होता, तो माझ्या फळीवर ठेवला आणि म्हणाली, "ह्यानंच घालीन. थंड नाय घालनार." विहिरीचे काही बोलली नाही. मीही विचारले नाही.

सबब कलम ४ व ५ कायम. फळीवरचा गडू माझ्या मालमत्तेत धरू नये. तो जनीचा आहे. काम झाल्यावर तिचा तिला परत द्यावा.

व्यवस्था पाहणार: अंबाजी सदा ठाकूर, मराठी शाळेचे मास्तर.

सही: इनास दुमिंग रोद्रीग

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. अंबाजी सदा ठाकूर
२. फिलीप मनवेल परेर

मुक्काम खारवाडी, तारीख २ नोव्हेंबर १९३४, मृतांच्या स्मरणाचा दिवस.