चार बरण्या

५ नोव्हेंबर

आई गेली. दादा न्यायला आला होता. पिशव्या उचलताना म्हणाला, "चार दिवस राहील, मग बघू." चार दिवसांसाठी कुणी उशी नेत नाही.

निघताना ती ओट्याखालच्या बरण्यांपाशी वाकली. "येते रे बाळांनो." मला काही म्हणाली नाही. राहा म्हटलं असतं तर राहिली असती. म्हटलं नाही.

६ नोव्हेंबर

माझ्या मार्गदर्शक सरांना द्यायच्या अहवालाची सुरुवात लिहिली. — चार बरण्या. तळाशी गटारातला गाळ, वर घरचं सांडपाणी. गाळातले जिवाणू पाण्यातली घाण खातात आणि वीज सोडतात. चारी बरण्या जोडल्या की एक लाल दिवा लागतो. वर्षभर लागतो आहे.

आई त्यांना नातवंडं म्हणते. "तुझ्याकडून दुसरी मिळायची लक्षणं नाहीत. हीच गोड मानून घेते." हे अहवालात नाही.

९ नोव्हेंबर

दिवा मंद.

१० नोव्हेंबर

सर रविवारी पाहुण्यांना घेऊन येणार. काम पुढे चालवायचं की बंद, ते तेव्हा ठरेल. "दिवा तेवढा लागलेला असू दे," म्हणाले.

तारा घासल्या. झाकणं बदलली. गारठा बाधला असेल म्हणून बरण्यांभोवती आईची जुनी शाल गुंडाळली. स्वतःला काही पांघरलं नाही, हे नंतर लक्षात आलं.

१२ नोव्हेंबर

विझला.

एकटीचं सांडपाणी पातळ पडत असेल. एक ताट, एक पेला, एक पातेलं — ते धुऊन निघणार काय? खालच्या मजल्यावर बादली घेऊन गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, "साखर मागायला येतात गं शेजारणी. खरकटं पाणी मागणारी तू पहिलीच." आत एकाच वेळी चार-पाच जण बोलत होते. बादली भरली तरी मी दारातच उभी.

१४ नोव्हेंबर

त्यांच्या पाण्यानं मीटरचा काटा जरा हलला. दिवा नाही.

संध्याकाळी वहिनीचा फोन. आधी पोरांच्या परीक्षा, मग तिची कंबर, मग हळूच — "आई विचारतायत, आता दूध कोण घालतं?"

कुणाला?

"अगं, तुझ्या त्या बरण्यांना."

मागून आईचा आवाज. "ही आंघोळीला गेली की अर्धी वाटी घालायचे. दिवा मंदावला की ही जेवायची नाही. मग मी काय करू?"

वर्षभर! माझे सगळे आकडे दुधाचे.

फोन ठेवला.

१५ नोव्हेंबर

आज दूध घातलं तर उद्या दिवा लागेल. सरांना कळणारही नाही. वाटी हातात घेऊन ओट्यापाशी बसले. बराच वेळ. शेवटी दूध मीच प्यायले. गार झालं होतं.

मग सरांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे सांडपाण्यावर चालतच नाही?"

चालतं, सर. दिव्यापुरतं नाही.

"मग उद्या येण्यात अर्थ नाही."

१६ नोव्हेंबर

दादाकडे गेले. दार आईनं उघडलं.

"पोरं कशी आहेत?"

"उपाशी," म्हटलं.

ती उशी आणायला आत गेली.