प्लास्टिकमधलं काळं झाड

टाउन्सव्हिल, मंगळवार

प्रिय आई,

मी ठीक आहे. अक्षर वाकडं दिसेल, घाबरू नकोस. बाबांची कोनफळं लावून झाली का?

इथे माझं डोकं फिरलंय. मी नवा जोड दिलेली जमिनीखालची जुनी विजेची केबल फुटली आणि साहेब म्हणाला, "सेमिसी, जोड तुझा, चूक तुझी!" मी फुटलेला तुकडा कापून घेतला, जोडासकट, आणि त्याच्या टेबलावर आपटला. जोड शाबूत होता. हातभर पलीकडे, प्लास्टिकच्या आत, केसासारख्या फांद्यांचं काळं झाड होतं. विजेच्या ताणाने ते वर्षानुवर्षं आतल्या आत वाढतं, ताण चढवला की झपाट्याने. आरपार गेलं की केबल फुटते.

"जुनी आहे, चाचणीला एवढा ताण देऊ नका," असं मी बजावलं होतं. हा शहाणा म्हणाला, "चढव अजून! टिकली तर मजबूत." तीनदा चढवायला लावलं. केबल टिकली, म्हणून ह्याने टाळ्या वाजवल्या. चौथ्या दिवशी मी शेजारी उभा असताना फुटली.

आज 'जोडणाऱ्याची चूक' असा कागद घेऊन आला. माझ्या उजव्या हाताची पट्टी बघून म्हणाला, "डाव्याने कर की सही."

मी म्हटलं, "डावा आईला पत्र लिहायला ठेवलाय."

तुझाच,
सेमिसी