पहिली सही

येडशी, मार्च १९४५

तीर्थस्वरूप हणमंतप्पाकाकांस, बिभीषणचा नमस्कार.

हे पत्र टपालात पडणार न्हाय, तरी लिहितो. काल सास्तुरात तुमच्या घरी तुम्ही विचारलंत, "माझ्या शरणप्पाला फौजेत कुणी धाडलं?" म्या सांगितलं, "तो आपल्या मनानं गेला." ते खोटं होतं.

हैदराबादेत आमच्या कॉलेजानं फुटबॉलचा कप जिंकला, त्याच दिवशी भरतीचा साहेब मैदानावर आला. मी कप्तान, म्हणून पहिली सही माझी. शरणप्पा म्हणाला, "घरी अप्पांना विचारून सांगतो." मी सगळ्यांदेखत हसलो. "गोल अडवताना विचारतोस का अप्पांना?" त्यानं मुकाट्यानं सही केली. डॉक्टरनं माझा कान खराब म्हणून मला काढलं आन् त्याला घेतलं. ब्रह्मदेशात गोळी लागून तो गेला.

यंदा आमी पुन्हा कप जिंकला. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. मला काहीच वाटलं न्हाय.

काल इरम्माकाकूंनी मला त्याच्या जागेवर जेवायला बसवलं. तुम्ही म्हणालात, "सुट्टीत इथंच येत जा. आता तूच आमचा." मी मान डोलवली आन् आणखी आमटी वाढून घेतली.

तुमचाच म्हणवून घेणारा,
बिभीषण