टीव्हीला आमचं घर सापडेना

सोमवार, १२ मे

टीव्ही आला! वुन्पिनीने स्वीडनहून पैसे पाठवले, आणि इथल्या दुकानातून दोन गडी तो उचलून घेऊन आले. दारातून आडवा करून आत घ्यावा लागला. अख्खी गल्ली बघत होती. बघू दे! "चेंडूमागे धावणारी पोर, हिला बायको कोण करणार" म्हणत होते ना? त्याच पोरीने आईला खिडकीएवढा टीव्ही पाठवलाय.

माझ्या खोलीत ठेवला, भांड्यांच्या उतरंडीसमोर. अख्ख्या तामाले शहरात इतकी चांगली जोडी दुसऱ्या कुठल्या घरात नसेल.

शनिवारी तिच्या फुटबॉल संघाचा कपाचा शेवटचा सामना आहे. आपल्या कुठल्याच चॅनलवर दाखवणार नाहीत, फक्त नेटवर. मी तिचे सामने नंतर फोनवर बघते, बाजारात बसल्या बसल्या. पण तिच्या बाबांना, आमच्या अल्हाजींना, फोनवरचं काही दिसत नाही. काचबिंदूने एक डोळा गेला. दुसऱ्याचं डॉक्टर मार्चमध्ये स्पष्टच बोलले — "जे बघायचंय ते यंदा बघून घ्या."

ह्या माणसाने आपल्या पोरीला एकदाही खेळताना बघितलेलं नाही. शाळेत असतानासुद्धा नाही. ती परदेशी निघाली त्या दिवशी हे शेतावर जाऊन बसले होते.

जेवताना विचारलं, शनिवारी बसाल का माझ्याबरोबर? मान वर न करता म्हणाले, "आधी तो डबा चालू करून दाखव, मेमुना. मग बसतो."

मला म्हणतात! मला! दाखवतेच.

मंगळवार, १३ मे

टीव्ही म्हणतो, तुमचं नेटवर्क निवडा. आणि यादी दाखवतो. शिंप्याचं आहे. औषधांच्या दुकानाचं आहे. मशिदीपलीकडे कोणीतरी 'स्वतःचं घ्या' असं नाव ठेवलंय, तेही आहे. आमचं नाही!

आमचा नेटचा खोका अल्हाजींच्या खोलीत. मध्ये एक भिंत, बस्स. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच बसवून घेतला. डोळ्यांमुळे वाचता येत नाही, म्हणून कुराणपठण ऐकतात. शनिवारी तर दुपारभर दार लावून बसतात. मी तिकडे कोणाला फिरकू देत नाही.

टीव्ही बंद करून चालू केला. यादीत शिंपी. खोका बंद करून चालू केला. ओसरीवरून अल्हाजींचा ओरडा — "माझ्या खोक्याला कोण हात लावतंय?" मी लावतेय, आणखी कोण! पुन्हा यादी. शिंपी, औषधवाला, 'स्वतःचं घ्या'.

दुपारी अझारा वन्सं आल्या. ह्यांची मोठी बहीण. नाक खुपसल्याशिवाय पाणी पीत नाहीत. म्हणाल्या, "अगं, वरचं प्लास्टिक काढलं नाहीस. त्याचा श्वास कोंडलाय." प्लास्टिक मी मुद्दाम ठेवलं होतं, इथली धूळ काय कमी आहे? पण म्हटलं, काढून बघू. काढलं. काही नाही. आता धूळ तेवढी बसेल.

बुधवार, १४ मे

दुकानातून राझाक आला. रिमोट घेऊन बसला, उठला, टीव्हीच्या मागे वाकला. मग डॉक्टरसारखा चेहरा करून म्हणाला, "मावशी, सेटच खराब आहे. आतला वायफायचा भाग गेलाय. कुमासीला पाठवतो. तीन आठवडे धरा."

मी म्हटलं, "आतला भाग गेलाय तर मग शिंप्याचं नेट कसं दिसतं रे?"

त्याने रिमोट उलटा करून बघितला.

"सांग ना. आंधळ्याला फक्त आपल्याच घरचे लोक दिसत नाहीत, शेजारचे दिसतात, असं असतं का?"

हे बोलून गेले आणि जीभ चावली, अल्हाजी ओसरीवरच होते. पण ते हसले! मोठ्याने! राझाक चहा पिऊन गेला. टीव्ही इथून हलणार नाही.

मग ह्यांच्याकडे गेले. खोका दोन दिवस माझ्या खोलीत ठेवू या का?

"नाही."

"शनिवारपुरता?"

"तार तिथपर्यंतच आहे. आणि शनिवारी तर मुळीच नाही."

मग टीव्ही तुमच्या खोलीत आणते. "माझ्या खोलीत चेंडू नको." बरं! आपल्याला सोयीचं ते सगळं चालतं, माझं काही सांगितलं की तार अपुरी पडते.

वन्सं म्हणतात, शिंप्याकडे पासवर्ड माग. शिंप्याकडे! त्याच्याकडे माप द्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला माझी गोष्ट ब्लाउजबरोबर फुकट मिळेल. मरण पत्करलं.

डोकं चालत नाही. शनिवार जवळ आला.

गुरुवार, १५ मे

सापडलं! सापडलं! माझं मलाच सापडलं!

सकाळी वुन्पिनीचा फोन आला. नेहमीप्रमाणे मी उठून अंगणात गेले. ती म्हणाली, "आई, तू दर वेळी बाहेर का येतेस? कोंबड्यांचा केवढा गोंधळ ऐकू येतो."

म्हटलं, "आत आवाज तुटतो गं."

"कोणत्या खोलीत?"

"माझ्याच. पूर्वी नव्हतं असं. तुझी भांडी वाढत गेली तशी..."

आणि माझं तोंड उघडंच राहिलं. पलीकडून ती "आई? आई, आहेस ना?" करत होती.

फोन ठेवला आणि चालत सुटले. अल्हाजींच्या दाराशी — नेटच्या सगळ्या रेघा भरलेल्या. ओसरीवर — भरलेल्या. माझ्या खोलीत पाऊल टाकलं, एक. टीव्हीपाशी, शून्य. मग परत उतरंडीकडे गेले आणि दोन थरांमधल्या फटीत हात घालून फोन पार ह्यांच्या खोलीच्या भिंतीला टेकवला. रेघा परत आल्या!

भिंत आडवी येत नव्हती. उतरंड येत होती. पितळेची, ॲल्युमिनियमची, फुलांच्या नक्षीची इनॅमलची — परातीवर परात, टोपावर टोप, जमिनीपासून छतापर्यंत आणि ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. मीच उभी केली. त्यातून वारा जात नाही, नेट कुठून जाणार! शिंप्याचं खिडकीतून येतं, म्हणून तेवढं दिसतं.

खूप हसले. एकटीच. मग हसू थांबलं.

ही भांडी वुन्पिनीच्या लग्नाची आहेत. ती पाळण्यात होती तेव्हापासून जमवतेय. शिया बटर विकून आले की एखादं घ्यायचं, पुसून वर ठेवायचं. त्यात अजून कोणी भाताचं शीत शिजवलेलं नाही. आणि आमच्यात उतरंड हलते ती मुलीच्या लग्नातच. आधी हलवली तर लोक दोनच अर्थ काढतात — लग्न ठरलं, नाहीतर आईने आशा सोडली.

वन्संना सांगितलं. खाली बसल्या. "मेमुना, एका खेळासाठी? लेकीचं भाग्य अंगणात मांडणार?"



शुक्रवार, १६ मे, सकाळी

पहाटेच्या नमाजानंतर अल्हाजी ओसरीच्या खांबाला हात लावून पायरी शोधत होते. महिन्याभरापूर्वी शोधावी लागत नव्हती.

उतरवतेय.

शुक्रवार, संध्याकाळ

बाई बाई, काय दिवस गेला!

पहिली परात अंगणात आणली तेव्हा समोरच्या बाईने बघितलं. तिसरी आणली तेव्हा तिने लग्नात देतात तशी लांबलचक किलकारी दिली. तिचं ऐकून पलीकडचीने दिली. मी हात हलवून नाही-नाही म्हणतेय, त्यांना वाटतं बोलावतेय! बघता बघता दहा-बारा जणी आत शिरल्या आणि माझ्या हातातली भांडी घेऊन बाहेर नेऊ लागल्या. मग मी गप्प बसले. एकटीने कंबर मोडली असती.

शिंपी मापाची पट्टी गळ्यात घालूनच आला. "अभिनंदन, काकू! नवरा मुलगा कोण?"

म्हटलं, "उद्या दुपारी येतोय. टीव्हीत."

अर्धी भिंत मोकळी झाली तेव्हा ओले हात पुसून रिमोट घेतला. वन्सं दारात, तोंडाला पदर. यादी उघडली. शिंपी. औषधवाला. 'स्वतःचं घ्या'. यादी जरा खाली सरकली आणि सगळ्यात वर आलं — अल्हाजींचं नाव! आमचं! सगळ्या रेघा भरून!

मी अशी किलकारी दिली की समोरचीने तोंडात बोटं घातली.

त्याच पावली ह्यांच्या दाराशी गेले. "डबा चालू झाला."

त्यांनी टोपी सरळ केली. मग विचारलं, "खुर्ची किती जवळ लावता येईल?"

शनिवार, १७ मे

कप आपला! कप आपला! कप आपला!

आजचं आजच लिहायचं.

लग्न नाही हे सकाळी सगळ्यांना सांगितलं. एकही माणूस परत गेला नाही. उलट लग्न ऐकून आलेले ढोलवाले दोघे उंबऱ्यापाशी बसूनच राहिले. म्हणाले, "ढोल काखेत घेऊन निघालोय, आता कुठे परत जायचं?" मग मीही पदर खोचला. मोठं पातेलंभर वाक्ये रांधलं, तांदूळ आणि चवळी, आणि ते कशात वाढलं? वुन्पिनीच्या भांड्यांत! कोरी करकरीत इनॅमलची, पहिल्यांदा अन्न लागलं त्यांना. वन्संनी दोनदा हात पुढे केला, दोनदा मागे घेतला, आणि तिसऱ्यांदा स्वतःच सगळ्यात मोठी परात उचलून वाढायला लागल्या.

दुपारच्या नमाजानंतर अल्हाजी आले. ईदचा अंगरखा घालून! खुर्ची पडद्यापासून हातभर अंतरावर. मागच्यांना अर्धा टीव्ही त्यांच्या टोपीमुळे दिसेना, पण बोलायची कोणाची हिंमत!

सुरुवातीलाच आपल्यावर गोल झाला. वन्सं लगेच, "तरी म्हटलं होतं भांडी हलवू नको." मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

मध्यंतरानंतर वुन्पिनीच्या संघातल्या उंच मुलीने डोक्याने गोल केला, बरोबरी झाली. अंगणात आरडाओरडा. अल्हाजी शांतपणे म्हणाले, "हिचा गुडघा बरा झाला वाटतं." कुठला गुडघा? टीव्हीवाला इंग्रजीत काहीतरी बोलला असेल. ह्यांना इंग्रजी चांगलं येतं, शेतकी खात्यात नोकरी केलीय.

आणि मग शेवटी-शेवटी वुन्पिनीकडे चेंडू आला. ह्यांचा हात वर. "आता आत वळेल. डाव्या पायावर घेईल." आणि ती आत वळली! डाव्यावर घेतला! मारला!

गोल!

पुढचं नीट आठवत नाही. शिंप्याने मला उचललं की मी त्याला, देव जाणे. ढोलवाल्यांनी ढोल काखेत दाबून ह्यांचं घराणं म्हणायला सुरुवात केली — पणजोबा, त्यांचे घोडे, त्यांच्या लढाया, आजोबा, वडील, अल्हाजी — आणि तिथे न थांबता वुन्पिनी! पोरीचं नाव, त्या सगळ्या पुरुषांच्या ओळीत! आमच्या घराण्यात मी असं कधी ऐकलं नव्हतं.

अल्हाजी उठले. पडद्याला पार नाक लावलं. टीव्हीवाले तिचा चेहरा मोठा करून दाखवत होते — घामाने निथळलेला, दात दिसणारा. त्यावर त्यांनी हात ठेवला.

"ही का?"

"हो. हीच."

"केवढी मोठी झाली गं."

मी सगळ्यांसमोर रडले. लाज नाही वाटली. जिंकले मी! टीव्हीवर जिंकले, राझाकवर जिंकले, वन्संवर जिंकले, आणि ह्या हट्टी माणसाला लेकीचा खेळ दाखवलाच. पडद्यावर त्यांच्या हाताचा ठसा उमटलाय, तेलकट. तो मी पुसणार नाही.

रविवार, १८ मे

वुन्पिनीचा फोन. खोलीतच बसून बोलले, एक शब्द तुटला नाही. म्हटलं, बाबांनी पहिल्यांदा तुझा खेळ मनावर घेतला, माझ्यामुळे! ती हसायलाच लागली.

"पहिल्यांदा? आई, बाबा माझा दर सामना ऐकतात. खोका बसवला त्या आठवड्यापासून. संपला की लगेच बोलून निरोप पाठवतात, इथे चुकलीस, तिथे पास द्यायचा होतास. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती मला."

दोन वर्षं. दर शनिवारी दुपारी. आणि मी त्या बंद दाराबाहेर कोंबड्या हाकलत होते, पठणात व्यत्यय नको म्हणून!