बाबांची टिकी

ओमोआ, फातू हिवा
३ मार्च १९८६

ती. तहियाताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या भावानं गावात स्वतःचं हसं करून घेतलं. परवा बोटीवरच्या पाहुण्यांना मी माझ्या लाकडी टिकी विकत होतो. एका बाईनं टिकी म्हणजे काय विचारलं. मी छाती फुगवून सांगितलं, की आमचा रागीट देव. नेमकी मागे तापूआत्या! सगळ्यांदेखत म्हणाली, की टिकी म्हणजे पहिला माणूस, म्हणून आपल्या वाडवडिलांच्या मूर्तीही टिकीच. आता हा दात विचकणारा कुणाचा आजोबा, तेवढं सांग. वीस वर्षं कोरतोय, आणि हे आत्यानं शिकवायचं! उगीच पटाशीला धार लावत बसलो.

शिक्षा म्हणून तिनं सभाघराच्या दाराशी बाबांची टिकी मागितली आहे. बाबा समुद्रात बुडून गेले तेव्हा मी चार वर्षांचा. चेहराच आठवत नाही, आणि हे कुणाला सांगायची लाज वाटते. फोटो असला तर पाठव.

या दिवट्यावर लोभ ठेव.
पुहे

पापेएते, ताहिती
२० मार्च १९८६

चि. पुहेस,
अ. उ. आशीर्वाद.

इतकी हसले, की शिलाईमशीन थांबवावं लागलं. इकडे टिकीला तिई म्हणतात. आलास तर इथेही नवा देव काढशील!

फोटो नाही रे. बाबांचा कुणी काढलाच नाही. चेहरा मलाही पुसट झालाय. पण उभं राहणं आठवतं. दोन्ही हात पोटावर, मासळी वाहून डावा खांदा उतरलेला, ओठ हसू दाबल्यासारखे मिटलेले. रडू नकोस, कोर.

तुझीच,
ताई

ओमोआ
११ मे १९८६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तीन ओंडके वाया घालवले. पहिली मूर्ती हुबेहूब माझ्यासारखी झाली; गावानं विचारलं, की जिवंतपणीच स्वतःचं स्मारक का? चौथी तू लिहिलंस तशी कोरली आणि काल दाराशी उभी केली.

आत्या काठी टेकत आली. उरलीसुरली अब्रूही गेली, असं मला वाटलं. पण तिनं त्या उतरत्या खांद्यावर हात ठेवला आणि मला सोडून त्यालाच झापू लागली, की वारा फिरला होता, जाऊ नको म्हणून ओरडले होते, कधी ऐकलंस का माझं? बराच वेळ बोलली. मग बाहीनं डोळे पुसले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, की उभा काय राहिलायस, तुझ्या बापाला ऊन लागतंय, सावलीत घे.

मी घेतलं, ताई.

तुझा,
पुहे