मान वळवलेला बैल

२८ जून

आजही कोरा कागद. सकाळी मीच पेन्सिलीसकट लेकीच्या पुढ्यात ठेवला होता. संध्याकाळी त्यावर चहाच्या कपाचा गोल उमटलेला. बस्स.

आकांक्षा पंधराची झाली. फेब्रुवारीत वर्गात पहिली फिट आली, मार्चमध्ये सायकलवरून पडली ती दुसरी. तेव्हापासून गोळ्या. फिट थांबल्या, खरं आहे. पण पोरगीही थांबली. दर तान्ह्या पोळ्याला गल्लीतली पोरं आपापले लाकडी बैल घेऊन आमच्या दारात उभी राहायची — ताई, डोळे काढून दे. तिनं डोळे काढले की बैल आपल्याकडे बघायला लागायचा. यंदा म्हणते, "आई, आधी लाकूड पाह्यलं का त्यात बैल दिसे. आता लाकूडच दिसते."

धनंजयना सांगितलं. "फिट नाई येऊन राह्यली ना? मंग झालं." हार्डवेअरच्या दुकानात बसून बसून नवरा खिळ्यासारखा झाला आहे.

१२ जुलै

वर्ध्याला जाऊन आलो, मी आणि ती. डॉक्टरीणबाई भली आहे, नीट समजावून सांगते. आकांक्षाला वजन करायला बाहेर पाठवलं तेव्हा मी विचारून घेतलं — तिची चित्रं कुठे गेली?

म्हणाल्या, या वयात मेंदूत छाटणी चालू असते. जे वापरात राहतं ते पक्कं होतं, बाकीचं गळून जातं. पंचविशीपर्यंत चालतं हे, घाबरू नका. गोळीनं थोडी सुस्ती येते. तीन महिने बघू, मग औषध बदलता येईल. पण मनानं बंद करायची नाही — एकदम सोडली तर जिवावर बेतू शकतं.

मला छाटणी तेवढी ऐकू आली. कपाशीच्या पऱ्हाटीचा शेंडा खुडतात ते डोळ्यांपुढे आलं. एसटीत बसल्या बसल्या बोलले तिला, "डॉक्टरीण काय म्हणे मालूम आहे? जे वापरलं नाई ते मेंदूतून जाते. कायमचं. आता हात चालव, नाईतर मोठी झाल्यावर रडत बसजो."

जामचा थांबा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. थोडं टोचलेलं बरं असतं.

१९ जुलै

गोळी मी स्वतः देते, रोज जेवणानंतर. पाण्याचा पेला पण मीच धरते. आपल्या हातचं काम.

३ ऑगस्ट

दुकानातली रद्दी मागितली तिनं! भिजत घातली, फेविकॉल ओतला, हात कोपरापर्यंत माखून घेतले. तेलाचा रिकामा डबा पोटासाठी. चार चाकं बापाकडून उकळली. म्हणे, तान्ह्या पोळ्याला यंदा लाकडाचा नाही, माझाच बैल नेणार.

जेवताना उगाच हसली. किती महिन्यांनी! मी पाठ फिरवून भांडी घासत राहिले, डोळे दिसू नयेत म्हणून.

९ ऑगस्ट

औषध अंगवळणी पडलं असणार. शेजारच्या सुमित्राबाईंनाही तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुया बोलण्याचा गुण आला बाई." आला असेल. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?

१६ ऑगस्ट

बैल उभा राहिला. मान मागे वळवलेली, कोणीतरी हाक मारल्यासारखी. असा बैल मी कुठे पाहिला नाही. असलं हिला सुचतं कसं, कुठून? शेपटीखाली एक भोक ठेवलंय. विचारलं तर म्हणते, "आतून वाळाले हवा लागते."

उचलून बघायला गेले तर अंगावर आली. "हात नको लावू, ओला हाये." चिडली तेही चांगलंच वाटलं. मधल्या महिन्यांत चिडतसुद्धा नव्हती.

२२ ऑगस्ट

पोळा. झोपली नाही म्हणते रात्री, डोळे काढत बसली होती. सकाळी चेहरा ओढलेला. मी म्हटलं, एक दिवस चालतं.

२३ ऑगस्ट

तान्हा पोळा. मारुतीच्या देवळापुढे पोरांची रांग लागली होती. सगळ्यांचे लाकडी बैल, मध्ये हिचा. लोक वाकून बघत होते. परीक्षक तिचं नाव विचारायला आले आणि ती सांगता सांगता पडली. दोरी हातातच. थांबेना — एक संपेपर्यंत दुसरी.

वर्ध्याला आणलंय. मी दवाखान्यात बाकावर बसून बिलाच्या पाठीवर हे खरडतेय. डॉक्टरीणबाईंनी पहिलंच विचारलं, गोळी चुकली का? मी म्हटलं, एकही नाही. माझ्या हातानं देते. त्या म्हणाल्या, मग या औषधाचा उपयोग होत नाहीये. जास्त कडक सुरू करावं लागेल.

म्हणजे आता उरलंसुरलंही जाणार.

२४ ऑगस्ट

दुपारी डोळे उघडले. जीभ चावली गेलीय, बोलणं जड. मी तोंडाजवळ कान नेला.

"आई... बैल कोणी उचलला तर नाई?"

राग आला मला. पोरगी मरणाच्या दारातून परत आली आणि हिला बैलाची पडली आहे.

२५ ऑगस्ट

कपडे न्यायला घरी आले. बैल कोणीतरी ओसरीत आणून ठेवलाय, एक शिंग मोडलेलं. बाजूला करायला उचलला तर पोटात खुळखुळ वाजलं.

शेपटीखालच्या भोकातून ओसरीवर उपड्या केल्या. गोळ्या. तोंडातून काढून वाळवलेल्या, कडा विरघळलेल्या.

जिवावर बेतू शकतं, एवढं मात्र मी तिला सांगितलं नव्हतं.